तिरीची एकशे त्रेचाळीस घरं

ब्रिस्बेन, १४ सप्टेंबर १९९७

आत्या,

पाया पडते. दिवाळी लांब आहे आणि मी पैसेही मागत नाहीये, तेव्हा घाबरू नकोस. काम निघालंय.

मी ज्या ऑफिसात आर्किटेक्ट म्हणून नकाशे काढते, त्यांना फिजीतलं, सुवाचं काम मिळालंय. किनारा घर-योजना. तुमच्या तिरी वस्तीच्या अगदी वरच्या उतारावर कमी मिळकतीच्या लोकांसाठी घरं बांधायची आहेत. डेनिसने, म्हणजे माझ्या बॉसने, कागद टेबलावर टाकले आणि म्हणाला, "रंजिला, तू तिकडचीच ना? चार मजल्यांच्या सहा इमारती. महिन्याभरात उरकून टाक."

मी म्हटलं, "चौथ्या मजल्यावर कसाव्याच्या कंदांचं पोतं कोण नेणार?" तो हसला. म्हणाला, जागा थोडी आणि माणसं पुष्कळ, म्हणजे वर चढण्याशिवाय गत्यंतर नाही.

मला ते पटत नाही. तिरीत तुम्ही किती माणसं राहता, आणि सगळी जमिनीवरच ना? मला त्याला दाखवून द्यायचंय की घरं बुटकी ठेवूनही दाटीने, नीट, वाऱ्यापाण्याची सोय करून बसवता येतात. पण मी तिरीत दोनदाच आलेय, तेही पाहुणी म्हणून. तू मला सांग. सकाळी उठल्यापासून माणसं कुठे बसतात, कुठे धुतात, कुठे भांडतात? लाजू नकोस, सगळं लिही.

तुझी रंजी


तिरी, २ ऑक्टोबर १९९७

रंजी, खुशाल राहा.

तुझं पत्र मेरेओनीने वरच्या दुकानातून आणलं. पोस्टवाला चिखलात उतरत नाही, त्याचे बूट त्याच्या सासऱ्याने दिलेत म्हणे. मेरेओनी म्हणजे माझ्या समोरच्या दारची. तू आली होतीस तेव्हा तिने तुला नारळाच्या दुधातलं अळू वाढलं होतं, आणि तू तीनदा घेतलंस.

भांडतो कुठे विचारतेस? नळावर. एकच नळ आहे, पाणी सकाळी दोन तास. तिथेच लग्नं जमतात, तिथेच मोडतात.

माझं घर दहा फूट बाय चौदा. खांबांवर आहे, कारण पौर्णिमेला भरती घराखाली येते. चूल बाहेर, पत्र्याच्या छपराखाली. घरात मी आणि तुझा भाऊ बिमलेश फक्त झोपायला जातो. बाकी सगळा दिवस बाहेर. माझ्या पायरीवर बसलं की मेरेओनीची पायरी चार हातांवर. मीठ संपलं तर उठावं लागत नाही, ती फेकते, मी झेलते. दुपारी तीननंतर तिच्या घराची सावली माझ्या अंगणात पडते, म्हणून तिच्याकडच्या बायकाही तीननंतर माझ्याकडे येतात. समुद्राकडच्या बाजूला घरं दाटून नाही चालत, नाहीतर मागच्यांना वारा लागत नाही. हे कुणी ठरवलं नाही. ज्याने आडवं बांधलं त्याला शेजाऱ्यांनी इतकं बोलून दाखवलं की त्यानेच भिंत काढली.

उसाच्या शेतात आपलं घर केवढं मोठं होतं, आठवतं ना? भाडेपट्टा संपला, मालकाने जमीन परत घेतली, तुझे फूफा त्या धसक्यातच गेले. इथे आले तेव्हा मला वाटलं, ह्या खुराड्यात मी आठवडाभर जगणार नाही. चार वर्षं झाली. आता मोठ्या घरात मला करमणार नाही.

तुझ्या साहेबाला सांग, घर लहान चालेल. दारासमोर माणूस दिसला पाहिजे.

तुझी आत्या


ब्रिस्बेन, ९ नोव्हेंबर १९९७

आत्या,

तुझं पत्र मी ऑफिसात भिंतीला लावलंय. डेनिसला वाचून दाखवलं. मीठ फेकण्याचा भाग त्याला फार आवडला, पण म्हणाला, "गोष्ट छान आहे, आता आकडे आण."

सोबत पहिला नकाशा आहे. दोन मजली घरं, एकाची भिंत दुसऱ्याला लागून, सात-सात घरांच्या मध्ये एक अंगण. आत गाडीला रस्ता नाही, फक्त आठ फुटांचे बोळ. पावसाचं पाणी पन्हळीतून टाक्यांत. जोतं भरतीच्या वर. आणि खाली किनाऱ्याला तिवरांचा पट्टा, म्हणजे वादळात लाटा अडतील.

आकड्यांसाठी तुझी मदत हवी. तिरीत एकूण घरं किती? साधारण लांबी-रुंदी किती? आणि एक गोष्ट महत्त्वाची: कुठलं घर कुठल्या साली बांधलं. वस्ती कशी वाढत गेली ते दाखवायचंय, आधी कुठे बसले, मग मोकळी जागा कशी भरली. ते दिसलं की त्यांना कळेल, दाटी म्हणजे गोंधळ नव्हे.

होईल का तुझ्याच्याने? गुडघे कसे आहेत?

रंजी


तिरी, ११ जानेवारी १९९८

रंजी,

गुडघे आहेत तिथेच आहेत. मोजणी झाली. एकशे त्रेचाळीस घरं. कोंबड्यांची खुराडी सोडून.

बिमलेशने कारखान्यातून शिवणाची दोरी आणली, दर फुटावर गाठ मारली. एक टोक मी धरलं, एक मेरेओनीने. ती कमरेला गुंडाळलेला सुलू वर खोचून चिखलात पुढे, मी वही घेऊन मागे. तीन आठवडे हेच. लोक आधी हसले. मग आपिसाई आडवा आला. आपिसाई म्हणजे आमच्या वस्तीचा म्होरक्या, पहिलं घर त्याचंच, सन एकसष्टचं.

"कशाला मोजतेस, धनराजी? देवाने विचारलंय की सरकारने?"

"माझ्या भाचीने."

"ती काय करते?"

"घरं काढते. कागदावर."

"मग माझं थोडं मोठं लिही," म्हणाला, आणि त्यालाच इतकं हसू आलं की यांगोना पिण्याची वाटी कलंडली.

त्याने सांगितल्यावर सगळ्यांनी सालं सांगितली. ज्यांना आठवत नव्हतं त्यांनी वादळांवरून, पोरांच्या जन्मावरून काढली. मेरेओनीला तिच्या दोन्ही मुलांच्या घरांची सालं तोंडपाठ. वहीची पानं सोबत आहेत. अक्षर लावून घे, चष्म्याची एक काच तडकली आहे.

आता तुझा नकाशा. आम्ही सहा जणींनी पायरीवर पसरून पाहिला. चूल तू घरात घातलीस. धुराने पोरं खोकतील, चूल मागच्या पडवीत काढ. सात घरांना एक नळ ठीक, पण त्याच्याशेजारी धुण्याचा ओटा हवा, कमरेइतका उंच, वाकून वाकून आमच्या पाठी गेल्या. आणि दारं एकमेकांना चुकवून का ठेवलीस? समोरासमोर ठेव. म्हाताऱ्यांना जिना नको, खालची खोली त्यांची.

मेरेओनी विचारते, आम्हाला कुठलं अंगण? मी म्हटलं, समुद्राकडचं, पण वारा अडवायचा नाही.

तुझी आत्या


ब्रिस्बेन, २२ मार्च १९९८

आत्या! झालं!

काल बैठक होती. सुवाहून योजनेचे दोन अधिकारी आले होते, पैसे देणाऱ्यांची माणसं होती. मी तुझ्या वहीवरून तिरीचा मोठा नकाशा काढला होता, सबंध टेबलाएवढा. प्रत्येक घर त्याच्या जागी, आणि प्रत्येक घरात बारीक अक्षरात त्याचं साल. जुनी घरं गडद निळी, नवी होत जातील तशी फिकट. आत्या, तो इतका सुंदर दिसत होता! माणसं उठून भोवती उभी राहिली. मी म्हटलं, "ह्या सहा एकरांत एकशे त्रेचाळीस घरं आहेत. तुमच्या चार मजली इमारती, जिने, गाडीतळ धरून एवढ्याच जागेत एकशे वीस बसतात. आणि इथे प्रत्येकाचं दार जमिनीवर उघडतं."

मग डेनिस म्हणाला, "मी हरलो." सर्वांसमोर म्हणाला!

दोन मजली घरंच होणार. पहिल्या टप्प्यात चौसष्ट. तिकडचा डॉलर घसरल्यामुळे सामान महागलंय, म्हणून प्रत्येक घराला टाकी नाही, अंगणाला एक. वाईट वाटलं, पण धुण्याचा ओटा आणि समोरासमोरची दारं मी सोडली नाहीत. तिवरांचा पट्टा तर त्यांना फारच आवडला.

अधिकारी जाताना माझा नकाशा मागून घेऊन गेले. म्हणाले, इतकी नीट माहिती आमच्याकडेही नाही. मेरेओनीला सांग, आपिसाईला सांग.

तुझी रंजी


तिरी, १७ मे १९९८

रंजी,

सांगितलं सगळ्यांना. आपिसाईने प्रार्थनेत तुझं नाव घेतलं, चुकीचं घेतलं, पण घेतलं.

गेल्या मंगळवारी योजनेची माणसं आली, चार जण. तुझा नकाशा हातात होता, मी लांबून ओळखला. दारादारावर रंगाने आकडे टाकत गेले. मेरेओनीने तळलेल्या रोट्या केल्या, चहा दिला. पोरं रंगाचा डबा धरायला मागत होती. मला एकाने विचारलं, "आजी, ही मोजणी तुम्ही केलीत का? फारच उपयोगी पडली." मला बरं वाटलं.

पण काही दारांवर आकड्याखाली फुलीपण आहे. माझ्या दारावर आहे, मेरेओनीच्या नाही, पण तिच्या दोन्ही मुलांच्या दारांवर आहे. आपिसाईने विचारलं तर रंगवणारा म्हणाला, मला माहीत नाही, कागदावर आहे तसं करतो.

तू विचारून सांगशील का? लोक मला विचारतात.

तुझी आत्या


ब्रिस्बेन, ७ जून १९९८

आत्या,

विचारलं. काळजीचं काही नाही. फुली म्हणजे ज्यांना आधी हलवायचं ती घरं. नवी वसाहत टप्प्याटप्प्याने भरायची असल्यामुळे कुणीतरी आधी, कुणीतरी नंतर. म्हणजे तुझा नंबर आधी! मेरेओनीला म्हणावं, तू मागून ये.

मी सध्या मान वर करत नाही इतकं काम आहे. गवंड्यांना प्रत्येक कोपऱ्याचं चित्र लागतं. अंगणाच्या रुंदीवरून वाद चाललाय, ते म्हणतात अठरा फूट पुरे, मला चोवीस हवेत. तुझ्या आणि मेरेओनीच्या पायरीमधलं अंतर नेमकं किती, आणि तिथे किती बायका बसतात, हे पुन्हा मोजून कळवशील? तू सांगितलंस की मी ठामपणे भांडू शकते.

रंजी


सुवा, ४ ऑक्टोबर १९९८

रंजी,

उत्तराला उशीर झाला. तब्येत बरी आहे. यापुढे पत्र बिमलेशच्या कारखान्याच्या पत्त्यावर पाठव, दुकानातली पत्रं हरवतात.

पायरी ते पायरी सहा फूट. अंगण धरलं तर एका बाजूने वीस, दुसरीकडे सव्वीस. आठ-नऊ बायका बसतात. पाय पसरून सहाच. मोजून लिहिलंय.

आत्या


ब्रिस्बेन, १३ डिसेंबर १९९८

आत्या,

एवढ्याशा पत्रासाठी चार महिने? रागावलीस का? टाक्या कमी झाल्या म्हणून असेल तर माझा काय इलाज होता, सांग. मी एकटीने त्या खोलीत किती तोंडं बंद केलीत, तुला कल्पना नाही. तुझे आकडे दाखवले आणि अंगण चोवीस फुटांचं झालं. निदान त्याचा तरी आनंद वाटू दे.

आनंदाची बातमी ही की एप्रिलमध्ये वसाहतीचं उद्घाटन आहे आणि मला बोलावलंय. मी येतेय, आत्या! तुझ्याकडेच उतरणार. नव्या घरात नाहीतर जुन्या, मला दोन्ही चालेल. मेरेओनीला अळू करायला सांगून ठेव.

तू काही लिहीत नाहीस. मेरेओनी कशी आहे, आपिसाई कसा आहे, कोण कुठे राहायला गेलं?

रंजी


सुवा, २१ फेब्रुवारी १९९९

रंजी,

रागावले नाही. डोळ्यांनी दिसत नाही नीट, म्हणून थोडं लिहिते.

एप्रिलमध्ये मी इथे नसेन. लंबासाला बहिणीकडे जाणार आहे, तिच्या सुनेचं बाळंतपण आहे. तू एवढा खर्च करून येऊ नकोस. घरं काय, पुढेही दिसतील.

आत्या


सुवा, १९ एप्रिल १९९९

आत्या,

हे पत्र मी हॉटेलच्या खोलीतून लिहितेय. तुझ्या लंबासाच्या बहिणीला फोन केला होता. तू तिथे नाहीस आणि तिच्या सुनेला बाळही नाही.

मी तिरीत जाऊन आले.

उद्घाटन शुक्रवारी सकाळी झालं. बँड होता, शाळेतल्या मुली गायल्या. मला हार घातला. मी टाचा उंचावून गर्दीत तुला शोधत होते. किल्ल्या देताना नावं पुकारली, कारकून, पोलिस, इस्पितळातला एक जण, शाळामास्तर. चौसष्ट नावं झाली. त्यांतली दोन तिरीची. मला वाटलं, बाकीचे पुढच्या टप्प्यात असतील. मग मी उतार उतरून खाली गेले.

खाली काहीच नव्हतं. ओहोटी होती. चिखलात काठ्या रोवल्या होत्या ओळीने, आणि प्रत्येक काठीला तिवराचं एकेक रोप बांधलेलं. पाटी होती. त्या पाटीवर माझ्या अहवालातलं वाक्य होतं, जसंच्या तसं.

योजनेच्या ऑफिसात मी ओरडले. तिथला माणूस शांत होता, त्याने मला खुर्ची दिली. म्हणाला, नव्वद सालाच्या आधी आलेल्यांनाच अर्जाचा हक्क होता, आणि त्यांनीही मालकाची पगारचिठ्ठी आणायची. नव्वदनंतरच्या अठ्ठ्याऐंशी घरांना जुलैमध्येच उठवलं. उरलेल्या पंचावन्नांतल्या दोघांकडे चिठ्ठी निघाली. बाकीच्यांना तिवरं लावायची म्हणून सप्टेंबरात उठवलं. मी म्हटलं, कोण कधी आलं हे तुम्हाला कसं कळलं? त्याने कपाटातून माझा नकाशा काढून टेबलावर पसरला. फिकट निळ्या घरांवर त्यांनी फक्त फुल्या मारल्या होत्या.

परवा बाजारात मेरेओनी दिसली. अळूच्या जुड्या घेऊन बसली होती. मी समोर उभी राहिले तर तिने आधी जुडी पुढे केली, गिऱ्हाईक समजून. मग ओळखलं. मी विचारलं, "आत्या कुठे आहे?"

म्हणाली, "मला ठाऊक नाही. आम्ही बोलत नाही."

"का?"

"दोरीचं एक टोक तिच्या हातात होतं, एक माझ्या. माझ्या पोरांच्या घरांची सालं तिने नाही सांगितली, मी सांगितली. तिला पाहिलं की मला ते आठवतं. तू जुडी घेणार आहेस का?"

मी घेतली. हॉटेलात आणली, टेबलावर पडलीये. तिचं काय करू, कळत नाही.

आत्या, आता जे लिहायचं ते लिहिते. जूनमध्ये मी तुला लिहिलं होतं, फुलीबद्दल विचारलं म्हणून. मी विचारलं नव्हतं. तुझं पत्र आलं त्या दिवशी गवंड्यांची चित्रं द्यायची होती. मला वाटलं, फुली म्हणजे काय असणार, आधी आणि नंतर, दुसरं काय. मला तसंच वाटून घ्यायचं होतं. एक फोन केला असता तर महिनाभर आधी कळलं असतं, लोक कोर्टात गेले असते, वर्तमानपत्रात गेले असते, मी नकाशा परत मागितला असता. सालं लिहायची गरजच नव्हती. घरं किती, एवढं सांगून वाद जिंकता आला असता. सालांमुळे नकाशा देखणा दिसत होता, म्हणून लिहिली.

मी राजीनामा देणार आहे. पण त्याआधी एक केलंय. डेनिसकडून योजनेला फोन करवला, आणि तुझ्यासाठी एक घर काढून घेतलं. सतरा नंबर, समुद्राकडच्या अंगणातलं, खालच्या खोलीचं. एका कारकुनाने किल्ली घेतली नाही, ते रिकामं आहे. बिमलेशने येऊन सही करायची, बस. कारखान्यात हे पत्र स्वतः नेऊन देतेय. मी गुरुवारपर्यंत इथे आहे. मला भेट. नाही भेटलीस तरी ते घर घे. एवढं तरी होऊ दे.

रंजी


नसिनू, ६ जून १९९९

रंजी,

पत्र मला त्याच दिवशी मिळालं होतं. मी आले नाही.

आम्ही नसिनूला एका गॅरेजच्या मागच्या खोलीत राहतो. छप्पर चांगलं आहे. बिमलेशची नोकरी आहे. तेव्हा उपाशी नाही, एवढं समज.

तू जे लिहिलंस त्यातलं बरंचसं मला आधीच कळलं होतं. जुलैत माणसं आली तेव्हा त्यांच्या मुकादमाच्या हातात तुझा नकाशा होता. दारावर जाऊन तो साल वाचायचा आणि पाडणाऱ्यांना हात करायचा. आपिसाईच्या मुलीच्या दारासमोर त्याने वाचलं, "एक्याण्णव." ती ओरडली, एकोणनव्वद, माझी थोरली ह्याच घरात जन्मली. तेव्हा मला कळलं. मीच चुकीचं लिहिलं होतं. माझ्या वहीतली चूक तुझ्या सुंदर नकाशात तशीच उतरली होती. मी पुढे गेले. म्हटलं, "साहेब, हे मी लिहिलंय, माझं चुकलंय, एकोणनव्वद करा." तो म्हणाला, "आजी, नकाशात एक्याण्णव आहे." मी म्हटलं, "नकाशा माझ्याच वहीवरून काढलाय." तो म्हणाला, "मग आधी नीट लिहायचं होतंत." आणि हात केला.

आपिसाई तिथेच उभा होता. त्याने मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. "लिहिताना चष्मा लावायचास," एवढंच म्हणाला. सप्टेंबरात त्याचं घर पाडलं, तेव्हा त्याच्या भावाची माणसं त्याला होडीने बेटावर घेऊन गेली. तो तिथेच वारला, असं ऐकलं. कुठल्या दिवशी, ते मला कुणी सांगितलं नाही.

तुला का कळवलं नाही विचारशील. आधी वाटलं, तुला कळलं तर तू काम सोडशील आणि घरंही व्हायची नाहीत. निदान काही जणांना मिळतील, असं मला ऑक्टोबरातही वाटत होतं. म्हणून अंगणाचं माप कळवलं. मोजलं नव्हतं, मोजायला काही उरलं नव्हतं, आठवून लिहिलं. नंतर कळवायचं धाडस झालं नाही. तू इतक्या आनंदात होतीस.

आणि एक सांगायचं नव्हतं, पण तू खरं लिहिलंस म्हणून लिहिते. तू येण्याआधी मी ती घरं पाहिली होती. मार्चमध्ये काही कुटुंबं उद्घाटनाची वाट न बघता राहायला आली, तेव्हा गेले होते. घरं चांगली झालीत, रंजी. वारा मागच्या घरापर्यंत पोचतो. चूल पडवीत आहे. मी अंगणात उभी राहिले तर नऊ नंबरच्या बाई बाहेर आल्या, पोलिसाची बायको, चांगली आहे. पाणी दिलं आणि विचारलं, काम शोधताय का? मी हो म्हटलं. काय म्हणणार होते? आता आठवड्यातून तीन दिवस तिच्याकडे आणि शेजारच्या दोन घरी धुणं करते. ओटा कमरेइतका आहे, पाठ दुखत नाही. तू उद्घाटनाला आलीस त्या दिवशी मी आतल्या पडवीत होते. बँड ऐकला. तुझा हार दाराच्या फटीतून दिसला. तू टाचा उंच करून बघत होतीस. मी बाहेर आले नाही. धुण्याचे हात घेऊन तुझ्या त्या लोकांपुढे कशी येऊ, असं स्वतःला सांगितलं. खरं कारण ते नाही. तू मला मिठी मारली असतीस, आणि मला ती नको होती.

सतरा नंबर घेणार नाही. बिमलेशही घेणार नाही, त्याने विचार केला दोन दिवस, तरुण आहे, त्याला लग्न करायचंय. मग नको म्हणाला. एकशे त्रेचाळीस घरं मोजली आणि स्वतःला एक मिळालं, हे आम्ही कुणाला समजावत बसणार?

मेरेओनी दर शनिवारी बाजारात असते. मी त्या बाजूने जात नाही.

बिमलेशच्या कारखान्यात तिरीच्या सात पोरी शिवायला आहेत. तुझं पाकीट फोरमनच्या टेबलावर आलं की तिकीट लांबून ओळखू येतं. तू स्वतः येऊन गेलीस त्या दिवशी सगळ्यांनी मशिनी थांबवल्या. नंतर एकीने बिमलेशला विचारलं, "आता कुठली वस्ती मोजायची आहे?" तो घरी येऊन जेवला नाही.

म्हणून आता लिहू नकोस. पैसेही पाठवू नकोस, ते त्याच पाकिटात येतात. राजीनामा द्यायचा तर दे, नाही दिलास तरी इथे कुणाला फरक पडत नाही. तुझ्यावर राग नाही, असं लिहायला मी बसले होते. एप्रिलपासून कागद तसाच पडला आहे. राग आहे. तुला मी माझ्या हाताने भात भरवलाय, तरी आहे. माझ्यावरही तेवढाच आहे, पण माझ्याबरोबर मला राहावं लागतं.

उत्तर आलं तर बिमलेश ते न फोडता परत पाठवेल. मी त्याला सांगून ठेवलंय.

धनराजी